व्रीहीच्या जागी नीवार, थर्मल पेस्टच्या जागी टूथपेस्ट

विषय जाहीर झाल्यावर दोघांनी मला फोन करून विचारलं, की सर, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं आणि आता संगणकदुरुस्तीवर बोलता काय? माझा आजचा विषय खरं तर ‘प्रतिनिधी’ हा आहे. निवडून येतो तो नव्हे. (हशा) मूळ वस्तू मिळत नाही तेव्हा तिच्या जागी जी घेतात, तिला आपल्या शास्त्रांत प्रतिनिधी म्हणतात. ज्यांनी १९७२चा दुष्काळ पाहिला त्यांना ज्वारीच्या जागी आलेली लाल मिलो आठवत असेल. तिची भाकरीही आठवत असेल.

आधी वस्तू समजून घेऊ. संगणकाचा प्रोसेसर चालताना तापतो. ती उष्णता काढून घ्यायला त्याच्यावर धातूचा पन्हाळीदार ठोकळा बसवतात, त्याला हीट सिंक म्हणतात, आणि वर पंखा. आता दोन धातू एकमेकांवर घट्ट दाबले तर ते पूर्ण चिकटले असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही पृष्ठभाग नांगरलेल्या वावरासारखे खडबडीत दिसतात. टेकतात ते फक्त उंचवटे. मधल्या खाचांत हवा. आणि हवा ही उष्णतेची मोठी अडवणूक करणारी. मोजमापात सांगायचं तर हवेची उष्णतावाहकता ०.०२६च्या आसपास, पाण्याची ०.६, साध्या थर्मल पेस्टची १ ते ८, तांब्याची ४००च्या जवळ. म्हणजे पेस्ट धातूपुढे काहीच नाही, पण हवेपेक्षा कितीतरी पट बरी. तिचं काम एवढंच, की खाचांतली हवा हाकलायची आणि तिथे वर्षानुवर्षं ओलसर राहायचं. हे दुसरं काम लोक विसरतात.

ही गरज पहिल्यापासून नव्हती. १९८१च्या आयबीएम पीसीतला ८०८८ प्रोसेसर उघडाच चालायचा, हीट सिंक नाही, लेप नाही. १९९३च्या पेंटियमपर्यंत ठोकळा आणि पंखा आले. २००४च्या सुमाराचे पेंटियम ४ शंभर वॅटच्या आसपास गेले. शंभर वॅटचा बल्ब आठवा, त्याची उष्णता अंगठ्याच्या नखाएवढ्या तुकड्यातून बाहेर काढायची!

नेमक्या याच काळात संगणक आपल्या जिल्ह्यात गावोगाव पोचले. २००१ साली एमकेसीएल स्थापन झालं, पाठोपाठ एमएस-सीआयटी आलं, सरकारी नोकरीला ते प्रमाणपत्र लागू लागलं, आणि पुसद, वणी, उमरखेड, दारव्हा, जिथे पाहावं तिथे दोन खोल्यांत दहा-बारा जुळवलेले संगणक मांडून वर्ग सुरू झाले. सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून नागपूरला आणि तिथून एसटीने इकडे. बाहेर मे महिन्याचे ४४-४५ अंश, आत भारनियमन. प्रोसेसर बदलायचा तर ठोकळा काढावा लागे. कंपनीने त्याच्या बुडाला लावून दिलेला लेप एकदा उचलला की वाया जातो, नवा लावावा लागतो. तो नवा लेप दुकानात नसे. मग दुकानाच्या मागच्या मोरीवरून टूथपेस्ट येई.

माझा एक जुना विद्यार्थी असल्या दुकानात काम करायचा. मी विचारलं, हे कसं चालतं रे? तो म्हणाला, “काई होत नाही सर, चालते. दोन्ही पांढरंच हाये.”

‘दोन्ही पांढरंच हाये.’ या वाक्यावर मी फार विचार केला. कारण हाच प्रश्न मीमांसकांनी दोन हजार वर्षांपूर्वी हाती घेतला होता. जैमिनींच्या सूत्रांत सहाव्या अध्यायाचा तिसरा पाद बराचसा यावरच आहे. यज्ञाला व्रीही, म्हणजे साळीचा तांदूळ सांगितला आणि तो मिळाला नाही, तर काय करायचं? यज्ञ सोडायचा? मीमांसक म्हणतात, सोडायचा नाही. नीवार, म्हणजे आपोआप उगवलेलं रानभात घ्यायचं. पण अटी आहेत. देवता, अग्नी, मंत्र यांना प्रतिनिधी नाही. जे धान्य यज्ञाला निषिद्धच आहे, उदाहरणार्थ उडीद, ते प्रतिनिधी म्हणूनही चालत नाही. आणि मला सगळ्यात आवडतो तो नियम असा: समजा नीवारही संपले, तर पुढचा पर्याय नीवारासारखा शोधायचा नाही, व्रीहीसारखाच शोधायचा. नजर कायम मूळ वस्तूवर.

वैद्यांनीही हेच केलं. सोळाव्या शतकातला भावप्रकाश उघडा. मेदा, महामेदा मिळत नसतील तर शतावरी, काकोलीच्या जागी अश्वगंधा, मध नसेल तर जुना गूळ. अशी यादीच दिली आहे. पण योगातलं जे मुख्य द्रव्य, ते बदलू नये असंही तिथेच बजावलं आहे.

आता टूथपेस्टकडे या. तिच्यात असतं काय? खडूची किंवा सिलिकाची बारीक पूड, ग्लिसरीन किंवा सॉर्बिटॉल, आणि बरंचसं पाणी. पहिल्या दिवशी ती खरोखर काम करते, मी ते नाकारत नाही. खाचा भरतात, हवा जाते, तापमान उतरतं. दुकानदार ग्राहकाला दाखवतो, ग्राहक पैसे देऊन जातो. पण साठ-सत्तर अंशांत पाणी किती दिवस टिकणार? लेप वाळतो, तडकतो, तडांमध्ये पुन्हा हवा. आपल्या उन्हाळ्यात तर लवकरच. साजूक तूप लावणारेही भेटले. ते वितळून ओघळतं. व्हॅसलीनचं तेच. टूथपेस्ट संपली म्हणून एकाने दाढीचं क्रीम लावलं होतं. आता दाढीचं क्रीम टूथपेस्टसारखं आहे, थर्मल पेस्टसारखं मुळीच नाही! जैमिनींनी अडवलं असतं ते हेच. आणि चॉकलेटची चांदी? तिच्यातून उष्णता उत्तम जाते, पण वीजही जाते, बाजूच्या संपर्कांना टेकली तर बोर्ड संपला. तिला मी उडदाच्या जागी ठेवतो. (हशा) ही तुलना फार ताणू नये, हे मलाही कळतं.

यात नुकसान दिसत नाही, ही खरी अडचण. २००१ साली एका संकेतस्थळाने चालू प्रोसेसरवरचे ठोकळे उचलून दाखवले होते. एएमडीचा अ‍ॅथलॉन क्षणात जळाला, पेंटियम ४ मात्र स्वतःची गती कमी करून तगून राहिला. म्हणजे नवे प्रोसेसर मरत नाहीत, मंद होतात. एका केंद्रावर एका मुलीचा संगणक परीक्षेच्या वेळी असाच रेंगाळला. तिला सांगितलं, व्हायरस असेल, तू सावकाश क्लिक कर. वेळ संपली. तिला पुन्हा फी भरून बसावं लागलं. घरी कापूस वेचणारी आई. मशीन उघडल्यावर आत पांढऱ्या, वाळलेल्या खपल्या निघाल्या.

माझी तक्रार टूथपेस्टवर नाही. नीवार घेणारा यजमान जाणून घेतो, की हे नीवार आहेत. त्या मुलीला कोणी सांगितलं होतं?

आणि गंमत पुढे आहे. थर्मल पेस्ट या सगळ्या वर्षांत समोरच्या रस्त्यावरच होती. टीव्ही आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारे पॉवर ट्रान्झिस्टरखाली पांढरं ग्रीस लावतात, सिलिकॉन तेलात घोटलेली झिंक ऑक्साइडची पूड. साध्या थर्मल पेस्टमध्येही तेच असतं. झिंक ऑक्साइड आपल्याला परकं नाही. आपल्या वैद्यांचं यशदभस्म ते मुख्यतः हेच, आणि राजस्थानात जावरला जस्त ऊर्ध्वपातनाने काढायचे त्याच्या भट्ट्या उत्खननात सापडल्या आहेत. हे ग्रीस स्वस्तात मिळत होतं. पण संगणकवाला टीव्ही मेकॅनिककडे जात नसे. तो स्वतःला इंजिनियर समजे, टीव्हीवाला त्याच्या लेखी मिस्त्री. विद्या रस्ता ओलांडत नाही, हा आपला जुना रोग.

२०२०च्या टाळेबंदीत दुकानं बंद, मुलांच्या शाळा ऑनलाइन. तेव्हा तोच विद्यार्थी फोनवर म्हणाला, “सर, प्रोसेसर बदलला, लेप नाही. घरी टूथपेस्ट हाये, लावू काय?” मी म्हटलं, आज मुलाचा तास असेल तर लाव, पण ठोकळ्यावर कागद चिकटवून तारीख लिही आणि आठवड्यात काढ. आणि गल्लीत टीव्ही दुरुस्त करणारे कोण आहेत, त्यांना विचार. दोन दिवसांनी त्याने सांगितलं, की एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे अर्धी डबी निघाली. जुना लेप त्याने कापसाने आणि स्पिरिटने पुसला, ज्वारीच्या दाण्याएवढं ग्रीस मधोमध ठेवलं आणि ठोकळा दाबून बसवला. म्हाताऱ्याने पैसे घेतले नाहीत. नातवाचा मोबाइल तेवढा दुरुस्त करून मागितला.