मुलांमधील नैराश्य : धोका कोठून येतो?

परीक्षेत गुण कमी पडले म्हणून मूल दोन दिवस रुसून बसले, तर ते नैराश्य नव्हे. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने नैराश्य हा आजार आहे. त्यात उदासी किंवा निरुत्साह किमान दोन आठवडे बहुतेक वेळ टिकून राहतो आणि झोप, भूक, अभ्यास व खेळ यांवर त्याचा परिणाम होतो. लहान वयात तो ओळखणे कठीण जाते, कारण मूल 'मला उदास वाटते' असे सांगत नाही. ते चिडचिड करते, पोट किंवा डोके दुखते म्हणते, शाळा टाळते. घरचे त्याला हट्टी वा आळशी ठरवतात.

निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील सुमारे ७ टक्के मुलांमध्ये कोणता ना कोणता मानसिक विकार आढळून आला. नैराश्य हा त्यांपैकी एक.

हा आजार एकाच कारणाने क्वचितच जडतो. आई किंवा वडिलांना नैराश्य असेल, तर मुलाला ते होण्याची शक्यता इतरांपेक्षा दुपटीहून अधिक असते. याचा अर्थ ते होईलच असा नाही. वयात आल्यानंतर मुलींमध्ये त्याचे प्रमाण मुलांच्या जवळजवळ दुप्पट होते. याखेरीज लहानपणी आई-वडिलांपैकी कोणाचा मृत्यू, घरातील मारहाण, लैंगिक अत्याचार व दीर्घकालीन आजार हे मोठे धोके मानले जातात. ते जितके एकत्र येतात, तितका धोका वाढतो.

दीर्घ आजाराविषयी आपल्या भागात विशेष बोलणे आवश्यक आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, नागपूर या पट्ट्यात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार अनेक कुटुंबांत आढळतो. त्यात हाडे व सांधे अचानक असह्य दुखू लागतात, रक्त कमी होते, रुग्णालयात दाखल व्हावे लागते. वरठीसारख्या गावातील मुलाने वर्षातून चार-पाच वेळा असे दुखणे काढले, तर शाळा बुडते आणि सोबती पुढच्या वर्गात निघून जातात. पुढे मुलीच्या लग्नाची चिंता तिच्यासमोरच बोलून दाखवली जाते. वेदना शमली, तरी पुन्हा कधी उठेल ही भीती मनात राहतेच. अशा मुलाच्या मनाची विचारपूस औषधांइतकीच व्हावयास हवी. प्रत्यक्षात रक्ताचा अहवाल सर्वजण पाहतात, मुलाच्या गप्प होण्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

घरातील वातावरणाचे महत्त्व फार मोठे. वडिलांचे दारूचे व्यसन, रोजची भांडणे, कर्जाची विवंचना यांचा भार मुले मुकाट्याने वाहतात. आई स्वतः नैराश्याने ग्रासलेली असेल, तर तिच्यावर यशस्वी उपचार झाल्यावर मुलांची लक्षणेही कमी होतात, असे अभ्यासांतून दिसून आले आहे. म्हणून मुलाला डॉक्टरांकडे नेताना आईचीही चौकशी व्हावी.

शाळेत रंग, जात, शरीराची ठेवण किंवा वडिलांचे काम यांवरून होणारी चिडवाचिडवी आपण हसण्यावारी नेतो. मोबाइलमुळे ती आता घरापर्यंत येते आणि रात्रीची झोपही घेऊन जाते. दहावी-बारावीनंतर अनेक मुले भंडारा रोड स्थानकावरून गाडी धरून नागपूरला शिकावयास जातात. वसतिगृहातील पहिले काही महिने एकाकी असतात. त्या काळात घरून येणारा प्रत्येक फोन गुणांचीच चौकशी करीत असेल, तर मूल खरे सांगणे सोडून देते.

काही भाविक कुटुंबांत नैराश्य म्हणजे श्रद्धेची उणीव असे समजले जाते. हा समज अन्यायकारक आहे. मधुमेहाच्या रुग्णाला आपण प्रार्थनेबरोबर औषधही देतो. आत्महत्येच्या संदर्भात तीव्र मानसिक व्यथेमुळे व्यक्तीची जबाबदारी कमी होऊ शकते, असे ख्रिस्तसभेच्या १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथातही स्पष्ट म्हटले आहे.

मुलाने पूर्वी आत्महत्येचा प्रयत्न केला असेल, तर तो सर्वांत गंभीर इशारा समजावा. 'जगू नये असे कधी वाटते का?' असे शांतपणे विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उलट मुलाला बोलण्याची वाट मिळते. उत्तर होकारार्थी आले, तर मुलाला एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. पोलिसांच्या भीतीने हे लपवू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते.

समुपदेशन आणि गरजेनुसार औषधे यांनी बहुतेक मुलांना आराम पडतो. औषधे डॉक्टरांना न विचारता मध्येच बंद करू नयेत. किशोरवयीन मुलांसाठी शासकीय रुग्णालयांत 'मैत्री' क्लिनिक चालविले जाते. त्याची चौकशी भंडारा येथील जिल्हा सामान्य रुग्णालयात करावी. नागपूरला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ असून तेथे दिवसरात्र, मराठीतून व विनामूल्य बोलता येते. संकटातील बालकांसाठी १०९८ हा क्रमांक आहे.