फांदीवरून आलेली बोगनवेल

बोगनवेल आपल्याकडे इतकी मुरली आहे की ती परकी आहे हे मुद्दाम सांगावं लागतं. महामार्गाच्या दुभाजकात ती, सरकारी बंगल्याच्या कमानीवर ती, गच्चीतल्या टाकीशेजारच्या फुटक्या कुंडीतही तीच. मूळची मात्र दक्षिण अमेरिकेतली, आणि जगभर पोचली ती बियांपेक्षा फांद्यांच्या जोरावर.

पहिली फांदी रिओ द जानेरोची. 1767 च्या मध्यात फ्रेंच दर्यावर्दी बूगनव्हिल यांच्या पृथ्वीप्रदक्षिणेतली जहाजं तिथं थांबली. सोबतचे वनस्पतिशास्त्रज्ञ कॉमर्सन यांचा पाय चिघळलेला, चालणं अवघड. रानात हिंडून झाडं गोळा करणं, ती दाबून वाळवणं यातला मोठा भार त्यांच्या मदतनिसावर होता. हा मदतनीस म्हणजे पुरुषवेशातली झान बारे. फ्रेंच नौदलाच्या जहाजावर बाईला मज्जाव होता, म्हणून हे सोंग. बोगनवेलीची ती फांदी तिनंच तोडून आणली असावी, असा अनेकांचा कयास आहे. तो मला पटतो. नाव मात्र लागलं कप्तानाचं. कॉमर्सन 1773 मध्ये मॉरिशसला वारले. झान पुढं फ्रान्सला परतली आणि पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करणारी पहिली ज्ञात स्त्री ठरली. 1785 मध्ये तिला नौदलाकडून वर्षाला 200 लिव्रची पेन्शन मिळाली. तिच्या नावाची वनस्पती व्हायला 2012 उजाडलं, तीही बोगनवेल नव्हे, वांगी-बटाट्याच्या कुळातली.

कॉमर्सनच्या टिपणांवरून वनस्पतिशास्त्रज्ञ जुसिए यांनी 1789 मध्ये बोगनवेलीचं नाव छापलं. एकोणिसाव्या शतकात वेल युरोपातल्या काचगृहांत शिरली आणि तिथून भारतात आली. तेव्हा रंग होते मुख्यतः जांभळे. लालीची गोष्ट वेगळीच आहे. 1910 मध्ये कोलंबियातल्या कार्ताहेना गावी एका बागेत मिसेस बट यांना किरमिजी वेल दिसली. तिची फांदी त्रिनिदादला गेली आणि तिथून मिळेल त्या मुलखात. तिलाच पुढं ‘मिसेस बट’ म्हणू लागले.

यापुढची करामत भारतातली. बऱ्याच बागायती जातींना बी धरतच नाही. पण एखाद्या वेलीवर मधेच एक फांदी वेगळ्या रंगाची फुटते. माळ्याची नजर तीक्ष्ण असेल तर तो ती कापून रुजवतो, की झाली नवी जात. कोलकात्याची ‘मेरी पामर’ अशीच निघाली: एकाच वेलीवर पांढरे झुबके आणि गुलाबी झुबकेही. तिच्यावरच पुढं चितकबऱ्या पानांची फांदी फुटली, ती ‘थिम्मा’. तिच्यावर अधूनमधून निव्वळ हिरव्या पानांचा फोक निघतो. तो बुडातून कापायचा. ठेवला तर जोमानं वाढून चितकबऱ्या फांद्यांना मागं टाकतो.

झुबका तोडून डोळ्यांजवळ धरा. रंगीत दिसतात ती फुलाखालची कागदी पानं, तीन-तीन. प्रत्येकाच्या मधल्या शिरेला एक बारीक नळी चिकटलेली असते आणि नळीच्या तोंडाशी पांढुरकी चांदणी. फूल एवढंच.

लावायला पेन्सिलीच्या जाडीची, पिकलेली फांदी घ्यावी, वीतभर लांब. पानं काढून टाकावीत आणि वाळू मिसळलेल्या मातीत खोचावी. मुळं फुटली तरी फार नाजूक असतात, तेव्हा हलवताना मातीचा गड्डा फुटू देऊ नये. खरी चूक पुढं होते: माया म्हणून रोज पाणी आणि वर युरिया. मग वेल पानांनी भरते, काटे वाढवते आणि फुलत नाही. संत्र्याचा बागायतदार बहर धरण्याआधी बागेला ताण देतो, तोच न्याय इथं. पाऊस सरला की हलकी छाटणी करावी, ऊन दिवसभर मिळू द्यावं आणि पानांनी माना टाकेपर्यंत पाण्याला हात लावू नये.