पाणी आधी, वस्ती नंतर

निजामशाही आपल्याकडे लढायांपुरतीच शिल्लक आहे. चांदबीबीची तलवार, मलिक अंबरचा गनिमी कावा आणि 1636 साली शेवट. 2024 मध्ये नगरचे अहिल्यानगर झाले, तेव्हाही दोन्ही बाजूंनी वाद झाला तो नावाचा. शहर वसवताना जमिनीचा आणि पाण्याचा विचार कसा झाला होता, हे कुणी विचारले नाही. खरे तर याच जिल्ह्यातल्या चौंडीत जन्मलेल्या अहिल्याबाईंची कीर्ती घाट, विहिरी आणि बारवांसाठीच आहे. पाण्याच्या बाबतीत त्या आणि निजामशहा एकाच पंगतीला बसतात.

28 मे 1490 रोजी मलिक अहमदने भिंगारजवळ बहमनी फौज हरवली आणि पुढे तिथेच, सीनेच्या काठी, आपली राजधानी वसवली. सीनेचे पात्र उन्हाळ्यात कसे असते हे नगरकरांना सांगायला नको. नदीच्या भरवशावर राजधानी चालणार नव्हती. म्हणून कापूरवाडी, शेंडी, वडगाव अशा भोवतालच्या गावांकडून जमिनीखालून खापरी नळ टाकून शहरात पाणी आणले गेले. पंप नाही, वीज नाही. सगळा कारभार उतारावर. मध्ये मध्ये हवा सुटण्यासाठी आणि गाळ काढण्यासाठी उच्छ्वास ठेवलेले. मुर्तझा निजामशहाचा वजीर सलाबतखान या कामी आघाडीवर होता. शाह डोंगरावरची त्याची कबर लोक ‘चांदबीबीचा महाल’ म्हणून बघून येतात, हा त्याच्या नशिबाचा भाग. हीच रीत पुढे मलिक अंबरने खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, नहर बांधून नेली.

राजेशाही होती, वाटपात न्याय होता असा माझा दावा नाही. बागांना पाणी मुबलक होते, गरिबाच्या रांजणाला किती पोहोचत असेल कोण जाणे. पण क्रम बरोबर होता.

1803 मध्ये वेलस्लीने भुईकोट किल्ला घेतला. इंग्रज गेले, लष्कर राहिले. किल्ला आजही लष्कराकडेच आहे आणि 1948 मध्ये रणगाडा दलाचे प्रशिक्षण केंद्रही इथे आले. भिंगारच्या बाजूला छावणी, तिचे मंडळ वेगळे, नियम वेगळे. 1854 ची नगरपालिका असो की 2003 ची महापालिका, त्या अंगाला तिचा नकाशा थांबतो. मग एमआयडीसी नागापूरला, मनमाड रस्त्यावर झाली आणि शहर सावेडीकडून तिकडे ओढले गेले. वेशीतल्या जुन्या पेठा होत्या तिथेच दाटत गेल्या.

या पेठांमध्ये एका घराची चार घरे झाली, की धाकट्या भावाने जायचे कुठे? आराखड्यात जो पिवळा, म्हणजे रहिवासी पट्टा आहे, तिथला एनए प्लॉट कारागिराच्या, हातगाडीवाल्याच्या आवाक्यात नसतो. मग तो हिरव्या पट्ट्यातला, शेतीचा, एक-दोन गुंठ्यांचा तुकडा घेतो. 1947 चा तुकडेबंदी कायदा असा तुकडा नावावर होऊ देत नव्हता, म्हणून व्यवहार शंभराच्या स्टॅम्पवर. सातबारा मूळ मालकाचा, बांधकाम परवाना नाही, म्हणून बँकेचे कर्ज नाही. गटार आणि नळासाठी पुढची पंधरा वर्षे नगरसेवकाच्या दारात. हे फक्त मुसलमानांचेच दुखणे आहे असे नाही. पण वर घर भाड्याने देताना आणि विकताना आडनाव पाहिले जाते, तिथे आपल्या माणसाला गुंठ्याशिवाय फारसा पर्याय उरत नाही.

सरकारलाही हे माहीत होते. 2001 चा गुंठेवारी कायदा 1 जानेवारी 2001 पूर्वीचे असे प्लॉट नियमित करण्यासाठी आला; 2021 मध्ये ती मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंत वाढवली. शुल्क भरायचे ते अर्थात गुंठेवाल्याने. तुकडे पाडून विकणारा तोवर दुसऱ्या गावाला पोहोचलेला असतो.

1966 च्या नगररचना कायद्यात आराखडा अंतिम होण्याआधी हरकती मागवाव्या लागतात. नोटीस राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते, नकाशा कार्यालयात पाहायला ठेवतात. जमीनमालक आणि बिल्डर वकील घेऊन तिथे जातात. आपल्या मोहल्ल्यातून मशिदीची, कब्रस्तानाची जागा नकाशात आहे का, हे पाहायला माणसे जातात. त्याच फेरीत आपल्या वस्तीवर कोणता रंग आहे, मधून रस्ता किती फुटांचा दाखवला आहे आणि शाळेचे आरक्षण कुठे पडले आहे, हेही बघून हरकत लेखी द्यावी आणि तिची पोच घ्यावी.