नाव ठेवण्याआधी

वर्धापनदिनानिमित्त मंडळाने गिरगावातील जुन्या छायाचित्रांचे पुस्तक काढावे असे ठरले आणि भगिनींनी घरोघरच्या ट्रंका उघडल्या. हळदीकुंकू, मुंज, चाळीचा गणपती, गच्चीवरचे पापड, अशी कितीतरी चित्रे जमली. अडले ते पुस्तकाच्या नावापाशी. कोणी 'गिरगावचे वैभव' सुचविले, कोणी 'स्मृतिसुगंध'. पण पुस्तकाचे नाव ही नुसती शोभा नव्हे. काढणाऱ्याची नजर त्यातून कळते. याला आपल्या मुंबईचाच दाखला आहे.

१८६३ साली या शहरासंबंधी दोन पुस्तके निघाली. एक गोविंद नारायण माडगावकर यांचे 'मुंबईचे वर्णन'. नाव साधे, जे आत आहे तेच वर सांगितलेले. दुसरे विल्यम जॉन्सन या इंग्रज छायाचित्रकाराचे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तिच्या संस्थापकांपैकी हा एक. लंडनला छापलेल्या त्याच्या पुस्तकाचे नाव मराठीत सांगायचे तर 'पौर्वात्य वंश व जमाती : मुंबईचे रहिवासी व पाहुणे'. महाराष्ट्राचा भाग १८६६ साली निघाला.

त्यातील पुष्कळ चित्रांत माणसे निराळी टिपून दुसऱ्याच देखाव्यावर बसविलेली आहेत. लुगडी, दागिने, बसण्याची ढब सारे स्पष्ट दिसते. त्या काळच्या पेहरावाचा तो मोलाचा पुरावाच होय. परंतु चित्राखाली बहुधा जातीचे नाव आहे, बाईचे नाही. पुस्तकालाच 'वंश व जमाती' म्हटल्यावर माणसाला त्याचे नाव विचारण्याची गरज कुठे उरली?

इंग्रजाला दोष देऊन आपण मोकळ्या झालो असतो. पण मग आपलीच चित्रे उलटून पाहिली. मागे काय लिहिलेले? 'चि. बाळची मुंज.' 'चाळीतील मंडळी.' हळदीकुंकवाच्या एका चित्रात अकरा बायका आहेत. नाव एकीचेही नाही.

ते चित्र आमच्या सर्वांत वडीलधाऱ्या सभासद आजींना दाखविले. त्यांनी चष्मा पुसला आणि बोट ठेवीत सांगू लागल्या : ही सासूबाईंची मावशी, ही तळमजल्यावरची, बाळंतिणींना रात्रीबेरात्री हीच सोबत करी. सात जणी ओळखल्या. आठवीपाशी बोट थांबले आणि त्यांनीच आम्हांला विचारले, "ही कोण गं?"

माझी सूचना अशी की, पुस्तकाचे नाव हेच असावे : 'ही कोण गं?' ते भारदस्त नाही, हे कबूल. पण प्रत्येक चित्र हाती घेताना आपल्या सर्वांच्या तोंडी हेच शब्द आले. शिवाय असे नाव ठेवले की आत उत्तरे देण्याची जबाबदारी आपल्यावर येते. आधी नावे मिळवू, मग छापू. जिचे मिळणार नाही तिच्या चित्राखाली कोरी ओळ सोडू.

ते चित्र मंडळाच्या खोलीत लावले आहे. चार जणी अजून बाकी आहेत. येताना घरच्या आजीला, आत्याला सोबत आणावे.