दमणी, ट्रक आणि एसटी : फिरत्या कलेसाठी जुन्या गाड्यांचे पुनरुज्जीवन

१. विषय आणि प्रतिपाद्य

मोटारीमागे जोडून नेण्याचे फिरते घर म्हणजे कॅराव्हॅन. इंग्लंड-युरोपात अशा जुन्या कॅराव्हॅन दुरुस्त करून त्यांत छोटी चित्रदालने, वाचनालये आणि बाहुल्यांचे रंगमंच मांडले जातात. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, पण त्याचा रोख पर्यटकांच्या मुक्कामावर आहे. बुलढाणा जिल्ह्यात या विषयाचा विचार करायचा तर आपल्याकडे चाकांवर माणसे, तंबू आणि करमणूक कशातून गेली, हे आधी पाहावे लागते. त्यातून तीन गाड्या समोर येतात : बैलांची दमणी, टुरिंग टॉकीजचा ट्रक आणि एसटीची बस.

या लेखाचे म्हणणे एवढेच आहे. जुनी गाडी जपणे म्हणजे तिचे जाणे-येणे जपणे. ज्या गाडीची पुढची दुरुस्ती गावातल्या सुताराला, लोहाराला आणि मेकॅनिकला करता येते, तीच खऱ्या अर्थाने दुरुस्त झाली असे मानावे.

२. जिल्ह्याची रचना आणि गरज

अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याच्या तेरा तालुक्यांचे दोन भाग केले आहेत, आणि इथला माणूस पत्ता सांगतानाही ‘घाटावर’ की ‘घाटाखाली’ हे आधी सांगतो. बुलढाणा, चिखली, मेहकर, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा आणि लोणार घाटावर. खामगाव, शेगाव, मलकापूर, नांदुरा, मोताळा, जळगाव जामोद आणि संग्रामपूर घाटाखाली. खाली पूर्णेच्या खोऱ्यातली काळी, चिकण जमीन, तर वर मुरमाड, चढउताराची वाट. जळगाव जामोद आणि संग्रामपूरच्या उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याची आदिवासी गावे आहेत. तिथून जिल्ह्याच्या ठिकाणी नाटक किंवा चित्रप्रदर्शन पाहायला येणे म्हणजे अख्खा दिवस आणि दिवसाची मजुरी घालवणे.

म्हणून कलेनेच गावात जायला हवे. त्यासाठी लागणारे वेळापत्रक लोकांनी आधीच बांधून ठेवले आहे. १२ जानेवारीला सिंदखेड राजा येथे जिजाऊ जन्मोत्सव, माघ वद्य सप्तमीला शेगावात गजानन महाराजांचा प्रगटदिन, होळीच्या सुमारास सैलानीची यात्रा, अक्षय्य तृतीयेला भेंडवळची घटमांडणी आणि आश्विनात देऊळगाव राजाचा बालाजी. माणसे जिथे आपणहून जमतात तिथे गाडी उभी राहिली, तर प्रेक्षक गोळा करण्याचा प्रश्नच उरत नाही.

३. पूर्वपीठिका

ही कल्पना आपल्याला परकी नाही. कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ नावाने काचेवर रंगवलेल्या चित्रांचे प्रकाशखेळ सुरू केले आणि ते खेळ गावोगावी फिरले. पुढे सिनेमा आला, आणि जत्रेतल्या तंबूंनी त्याला खेड्यात नेले. टुरिंग टॉकीजच्या ट्रकमध्येच प्रोजेक्टर बसवलेला असे. ट्रक तंबूच्या एका टोकाला लावायचा, मागचे फळके उघडायचे आणि समोरच्या पडद्यावर झोत सोडायचा. म्हणजे हा ट्रक एकाच वेळी मालगाडी, यंत्रघर आणि तिकीटविक्रीचा आधार होता. रिळांची जागा डिजिटल प्रतींनी घेतल्यावर हा धंदा झपाट्याने आटला. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या २०१६ च्या माहितीपटात महाराष्ट्रातल्या अशा फिरत्या सिनेमांची अखेरची वर्षे टिपली आहेत.

याहून मोलाचे उदाहरण शेजारच्या खानदेशात आहे. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन फैजपूरला झाले. नगराच्या सजावटीची जबाबदारी महात्मा गांधींनी नंदलाल बोस यांच्याकडे दिली. त्यांनी बांबू आणि चटया असे आसपास मिळणारे साहित्य वापरले, आणि अध्यक्ष जवाहरलाल नेहरूंची मिरवणूक बैलजोड्यांनी ओढलेल्या, नंदलालांनी सजवलेल्या रथातून निघाली. शेतकऱ्याच्या ओळखीचे वाहन मोठ्या कलावंताच्या हाताखाली गेले आणि तरीही शेतकऱ्याचेच राहिले. आपल्या विषयाचा हा पायाभूत दाखला मानला पाहिजे.

अलीकडचा प्रयोग मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा. २०१५ पासून त्यांची ‘म्युझियम ऑन व्हील्स’ ही बस शाळा आणि गावांत जाते. तिचे काम चांगले आहे. पण तिथे संग्रह शहराचा असतो आणि गाव पाहुण्याच्या भूमिकेत असते. जुनी स्थानिक गाडी दुरुस्त करताना गाव यजमान होते, कारण ती कोणी घडवली, कोणाच्या लग्नात वऱ्हाड घेऊन गेली, हे सांगणारी माणसे तिथेच असतात.

४. झीज : तीन गाड्या, तीन रोग

दमणी. वऱ्हाडात बंडी माल वाहते आणि दमणी माणसे नेते. ती हलकी असते आणि वर बहुधा कमानीचे आच्छादन असते. तिचा मुख्य रोग चाकात होतो. तुंबा, आरे, पाटे आणि बाहेरची लोखंडी धाव मिळून चाक बनते. चैत्र-वैशाखात लाकडातले पाणी उडते, ते आकसते, आरे तुंब्यात खुळखुळतात आणि धाव सैल होते. चाक पाण्यात बुडवून ठेवले की लाकूड फुगते, पण हा तात्पुरता उपाय आहे. कायमचा उपाय म्हणजे धाव उतरवून, तोडून, किंचित लहान करून पुन्हा चढवणे.

ही क्रिया जवळून पाहण्यासारखी आहे. धाव जमिनीवर आडवी ठेवून तिच्याभोवती गोवऱ्या रचतात आणि ती लाल होईपर्यंत तापवतात. दोघे-तिघे जण सांडशींनी ती उचलून चाकावर बसवतात. लाकडातून धूर निघतो, घणाचे ठोके फिरत्या क्रमाने पडतात आणि लगेच पाणी ओतले जाते. चाकाचा व्यास १.३ मीटर धरला तर परीघ सुमारे ४ मीटर होतो. लोखंड दर अंशाला मीटरमागे ०.०१२ मिलिमीटर वाढते. तापमान ५०० अंशांनी वाढले की धावेची लांबी सुमारे २४ मिलिमीटरने वाढते. थंड होताना ती तेवढीच आकसू पाहते आणि पाटे, आरे, तुंबा यांना एकत्र आवळते. एकही खिळा न वापरता सगळे सांधे घट्ट होतात. पाणी ओतायला उशीर झाला तर पाटे जळतात. घाई झाली तर धाव एका बाजूला तिरकी बसते. हे ज्ञान हातात असते, आणि ते हात म्हातारे होत आहेत.

ट्रक. त्याचा रोग सांध्यांत असतो. सागाच्या फळ्या आणि लोखंडी पट्ट्या जिथे मिळतात तिथे पावसाचे पाणी मुरते, लोखंड गंजून फुगते आणि लाकूड फाडते. वरून रंग दिला तर आतली कुज झाकली जाते, थांबत नाही. स्प्रिंगचे पाटे वर्षानुवर्षे एकाच भाराखाली उभे राहून बसलेले असतात. जुन्या ब्रेक-लायनर आणि गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, त्यामुळे ते कोरडे घासू नये.

एसटी. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली बस धावली. तिथून सुरू झालेल्या या सेवेने खेड्याचा तालुक्याशी संबंध जोडला. बुलढाणा विभागातल्या आगारांच्या गाड्यांनी इथल्या कित्येक पिढ्यांना शाळेत, बाजारात आणि दवाखान्यात नेले. निकामी झालेल्या बसचा सांगाडा बहुधा मजबूत असतो; छताचे सांधे, खिडक्यांच्या चौकटी आणि पायरीखालचा पत्रा आधी जातो.

५. दुरुस्तीचा क्रम आणि तत्त्वे

वास्तूंच्या जतनासाठी १९६४ ची व्हेनिस सनद आणि जुन्या वाहनांसाठी त्यांच्या जागतिक महासंघाची ट्युरिन सनद, या दोन्हींचा सारांश आपल्याला उपयोगी आहे : मूळ भाग शक्य तेवढा ठेवा, नवी भर ओळखू येऊ द्या आणि ती पुन्हा काढता येईल अशी करा. यावरून पुढचा क्रम ठरतो.

पहिली नोंद. प्रत्येक भागाचे माप, छायाचित्र आणि गाडी वापरलेल्या माणसांच्या आठवणी लिहून काढाव्यात. दुसरा भार : आस, चाके, चासी, स्प्रिंग आणि ब्रेक. तिसरे छत आणि सांधे. चौथा रंग. पाचवी वीज. हा क्रम उलटवण्याचा मोह मोठा असतो, कारण रंग लगेच दिसतो आणि छायाचित्रात खुलतो. पण भार न तपासता रंगवलेली गाडी माणसांच्या जिवाला धोका आहे.

रंगाबाबत आणखी एक सावधगिरी. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांतल्या शिशाची मर्यादा दहा लाखांत ९० भाग अशी ठरली आणि तिची अंमलबजावणी नोव्हेंबर २०१७ पासून सुरू झाली. त्याआधीच्या थरांत शिसे असण्याची शक्यता धरूनच चालावे. खरवडणे ओले करूनच व्हावे, मुलांना त्या टप्प्यापासून दूर ठेवावे आणि त्यांना नव्या रंगाच्या वेळी बोलवावे. जुन्या पेंटरने काढलेली अक्षरे, वेलबुट्टी किंवा मालकाचे नाव सापडले तर त्याची एक चौकट तशीच राखावी.

६. कायद्याची चौकट

इथे तिन्ही गाड्यांच्या वाटा वेगळ्या होतात. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेल्या, खासगी वापराच्या दुचाकी आणि चारचाकी गाड्यांना ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते. पण ती गाडी मूळ रूपात हवी, तिच्या चासीत किंवा सांगाड्यात मोठा बदल नसावा आणि ती रोजच्या वा व्यावसायिक वापरासाठी चालवता येत नाही. म्हणजे व्यवसायासाठी वापरलेला टॉकीजचा ट्रक या सवलतीत बसत नाही, आणि ज्या गाडीची बाजू कापून रंगमंच केला तीही बसत नाही. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी आणि परिवहन महामंडळांच्या वाहनांची नोंदणी पुढे चालू राहत नाही.

निष्कर्ष स्पष्ट आहे. जुनी एसटी रीतसर मिळाली तर ती एका जागी स्थिर ठेवावी : शाळेच्या आवारात किंवा बाजारतळावर. ट्रकचा सांगाडा उतरवून, परवानगी घेऊन, योग्यता-प्रमाणपत्र असलेल्या नव्या चासीवर चढवणे शक्य आहे का, हे आरटीओकडून आधी लेखी विचारावे. खऱ्या अर्थाने फिरती राहू शकते ती दमणी, कारण ती मोटार वाहन नाही.

पण बैलांसाठी कायदा आहे आणि तो मनापासून पाळला पाहिजे. ओझे वाहणाऱ्या जनावरांबाबतच्या १९६५ च्या नियमांनुसार दिवसात एकूण नऊ तासांहून अधिक काम, विश्रांतीशिवाय सलग पाच तासांहून अधिक काम, आणि तापमान ३७ अंशांवर जाते तिथे दुपारी १२ ते ३ या वेळेत काम घेता येत नाही. म्हणून पहाटे प्रवास, दुपारी झाडाखाली मुक्काम आणि संध्याकाळी खेळ. जत्रेतल्या माणसालाही हीच वेळ सोयीची असते.

७. प्रयोगाची मांडणी

गाडी गावात पोचल्यावर दोन हिशेब चुकू नयेत. पहिला वाऱ्याचा. ३ मीटर रुंद आणि २.२ मीटर उंच पडद्याचे क्षेत्र ६.६ चौरस मीटर. ताशी ४० किलोमीटरचा वारा त्यावर साधारण ६० किलो वजनाएवढा जोर लावतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट, म्हणजे २४० किलोच्या आसपास जातो. वैशाखातली वावटळ सांगून येत नाही. म्हणून पडदा दमणीच्या कमानीला कधीही बांधू नये. त्याला स्वतंत्र खांब आणि जमिनीतले खुंटे हवेत, आणि एका झटक्यात सोडता येईल अशी दोरी हवी.

दुसरा विजेचा. लहान प्रोजेक्टर २५० वॉट, ध्वनी १५० वॉट आणि दिवे १०० वॉट धरले तर चार तासांना दोन युनिट वीज लागते. दिवसाचे पाच तास पुरते ऊन मिळाले तर ४०० वॉटचे सौर पॅनेल कागदावर पुरते. तूट धरून ६०० वॉटचे घ्यावे. ते गाडीवर पक्के न ठोकता मुक्कामी जमिनीवर मांडावे. बैलांवरचा भार आणि गाडीचे रूप, दोन्ही राखले जातात.

आशयाचा हक्क गावाकडे असावा. सैलानीला कव्वाली, शेगावच्या वाटेवर भारूड, सिंदखेड राजाला पोवाडा आणि सातपुड्याच्या पायथ्याशी कोरकू मुलांची चित्रे : प्रत्येक मुक्कामी तिथलीच कला पुढे यावी. गाडीने एका गावातले काम दुसऱ्या गावाला दाखवावे, एवढीच तिची भूमिका.

८. समारोप

सुरुवात छोटी असावी : एक दमणी फिरती आणि एक एसटी स्थिर, एक घाटाखाली आणि एक घाटावर. फिरत्या दमणीसाठी मलकापूर–नांदुरा–शेगाव हा सपाट पट्टा निवडावा, म्हणजे बैलांना घाटाचा चढ लागणार नाही. दुरुस्तीचे काम खुल्या जागेत व्हावे आणि सुतार-लोहाराला पूर्ण मजुरी मिळावी. त्यांच्या हाताखाली दोन तरुण ठेवावेत आणि त्या तरुणांनाही वेतन द्यावे. कौशल्य उत्सवाच्या टाळ्यांवर टिकत नाही, कामावर टिकते.

यशाची कसोटी उद्घाटनाच्या दिवशी लागत नाही. दोन उन्हाळे उलटल्यावर चाक पुन्हा सैल होईल. तेव्हा गावातल्या माणसांनी बाहेरून कोणाला न बोलावता धाव उतरवली, तापवली आणि चढवली, तर प्रकल्प सिद्ध झाला. त्यासाठी लागणारा निधी, वेळ आणि आदर आत्ताच बाजूला काढून ठेवणे हे जिल्ह्यातल्या शाळा, ग्रामपंचायती आणि कलामंडळांचे काम आहे, आणि ते याच पिढीत व्हायला हवे.