बागांचे नगर व मे महिन्याचे पाणी

आपल्या नगराचा इतिहास सांगावयास बसले म्हणजे लढाया, सुभेदार व दरवाजे ह्यांचीच नावे प्रथम ओठांवर येतात. परंतु ज्याने येथे एखादे रोप जगविले आहे त्यास विचारावे. तो आरंभ पाण्यापासूनच करील.

मलिक अंबर ह्याने १६१० साली खडकी वसविली. नाव सार्थच होते. वर मातीचा थर व खाली काळा पाषाण. उत्तरेकडील टेकड्यांत मुरणारे पाणी त्याने भुयारी नहरीने, केवळ उताराच्या बळावर, गावात आणिले. ह्याच गावाचे पुढे औरंगाबाद व २०२३ साली छत्रपती संभाजीनगर असे नामकरण झाले. अठराव्या शतकात बाबा शाह मुसाफिर ह्यांच्या दर्ग्यापाशी नहरीच्या पाण्यावर पाणचक्की फिरू लागली व तिच्या पिठावर यात्रेकरू व अनाथ ह्यांचा निर्वाह होऊ लागला. हिमायत बाग व मकबऱ्याचे ताटवे ह्यांच्या पाठीशी राजाश्रय होता, पगारी माळी होते. शाळेच्या बागेपाशी ह्यांपैकी काहीच नसते.

शाळेत बाग असावी हा विचार मात्र जुना आहे. १९३७ साली वर्धा येथे महात्मा गांधींनी जी शिक्षणयोजना मांडली तीत हस्तोद्योगास मुख्य स्थान होते, व शेती व बागकाम हे त्या उद्योगांत गणले गेले. २०१९ साली केंद्र सरकारने शालेय परसबागांविषयी सूचना काढल्या; बागेतील भाजी मुलांच्या माध्यान्ह भोजनात पडावी हा त्यांचा हेतू. योजना उत्तम, पण तिच्या आड येतो तो मे महिना!

आपल्याकडे पाऊस पडतो तो बहुतेक जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत. मेथी, पालक हिवाळ्यात येतात; मग ऊन चढते, विहिरी आटतात, आणि नेमक्या त्याच वेळी शाळेस कुलूप लागते. मुले मामाच्या गावी जातात. वर्षभर जोपासलेला वाफा सहा आठवड्यांत करपतो, व जूनमध्ये पुन्हा नवी रोपे, नवा समारंभ. रोपलावणीच्या दिवशी फावडे हाती घेणारे पुष्कळ भेटतात; मे महिन्यात पहाटे घागर घेऊन येणारा विरळा. माझ्या मते खरा स्वयंसेवक तोच.

तो केवळ पाणी घालीत नाही. तो मातीचे मडके रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवितो, म्हणजे पाणी मुळांशी हळूहळू झिरपते. तो पालापाचोळ्याचे आच्छादन घालितो, हात धुण्याच्या नळाचे पाणी वाफ्याकडे वळवितो, व कुंपणाशी कमी पाण्यावर तगणारा शेवगा लावितो. (१९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या वृद्धांस हे शिकवावे लागत नाही. मुलांना त्यांच्यापाशी नेऊन बसविले तरी अर्धा पाठ होईल.)

२०२१ पासून खाम नदीच्या पुनरुज्जीवनाच्या कामात महानगरपालिकेबरोबर नागरिकही उतरले, तिच्या काठी रोपे लागली. त्या रोपांचाही प्रश्न हाच.

शेतकऱ्यांचे आश्रयदाते संत इसिदोर हे माद्रिदजवळ दुसऱ्याच्या शेतावर राबणारे मजूर. त्यांस १६२२ साली, संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्याबरोबर एकाच दिवशी, संतपद जाहीर झाले. मलिक अंबर तेव्हा हयात होता. इसिदोरांचा सण १५ मे रोजी येतो. त्या दिवशी शाळा बंद असते.