मिरग कुणाचा?

मिरग म्हटलं की मला आधी सुकटीचा वास आठवतो. आमच्या कोकणात मे महिना आगोट भरण्यात जायचा. बोंबील, जवळा, मसाला, तांदूळ, लाकडं, सगळं पावसाआधी घरात यायला हवं. अम्मी जवळा निवडताना गुणगुणायची. 7 जूनच्या सुमारास मिरग लागला की गावभर कोंबडी शिजे, आमच्याकडेही.

एकदा एका पाहुण्यांनी टोकलं, “मिरग आपला नव्हे.” अम्मी गप्प राहिली. मलाही उत्तर सुचलं नाही. ते पुढे दख्खनचा इतिहास वाचताना सापडलं.

हिजरी वर्ष चंद्राचं, सौर वर्षापेक्षा साधारण 11 दिवसांनी लहान. म्हणून रमजान सुमारे 33 वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. कधी रोजे वैशाखाच्या उन्हात, कधी श्रावणसरींत. इबादतीसाठी हे सुंदरच आहे, पण पेरणी आणि सारावसुली अशा फिरत्या महिन्यांवर चालत नाही. म्हणून दख्खनच्या मुसलमानी राजवटींत शुहूर सन रुजला. त्यातले आकडे अरबी, म्हणजे इहिदे, इसन्ने, सलास. पण वर्ष सुरू होई सूर्य मृग नक्षत्रात गेल्यावर. त्याला मृगसालही म्हणत. पेशव्यांच्या कागदांवरही हाच सन दिसतो.

दरबार केवळ हिशेबापुरता मिरग मानत होता असंही नाही. 1591 साली हैदराबाद वसवणारा गोवळकोंड्याचा सुलतान मुहम्मद कुली कुत्बशाह (कारकीर्द 1580 ते 1612) दखनीत कविता करायचा. त्याच्या काव्यसंग्रहात ईद आणि शबे बरातीच्या शेजारी बसंत आहे, मिरग आहे. फळांवर, भाज्यांवरही कविता आहेत. डॉ. मोहिउद्दीन कादरी जोर यांनी तो संग्रह 1940 साली संपादून छापला. फारसीचा मान असलेल्या त्या दरबारात सुलतानाने पावसासाठी शेतकऱ्याच्या तोंडचा ‘मिरग’ हाच शब्द घेतला, हे मला फार मोलाचं वाटतं.

तिकडे विजापुरात 1580 सालीच गादीवर आलेला दुसरा इब्राहिम आदिलशाह गाणी रचत होता. त्याच्या ‘किताब-ए-नवरस’मध्ये रागवार पदं आहेत, आणि त्यांत पावसाचा मल्हारही आहे.

अम्मीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला आभाळ कळायचं, आणि कोणत्या दिवसांत काय शिजवायचं ते कळायचं. ते पाहुणे आज भेटले तर मी वाद घालणार नाही. एवढंच म्हणेन, चाचा, मिरग हा धर्माचा सण नाही, हे तुमचं खरं. तो पावसाचा आहे, आणि पाऊस आपल्याही कौलांवर पडतो. बसा, कोंबडी शिजते आहे.